चिठ्ठी खोटी, व्हायोलिन खरे

आमच्या घरी आजोबांचे एक व्हायोलिन आहे. त्याच्या एफ् अक्षरासारख्या भोकातून आत डोकावले की एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसते. तिच्यावर लॅटिनमध्ये छापले आहे : आंतोनियुस स्ट्रादिवारियुस, क्रेमोना, १७२१. या चिठ्ठीवर आमच्या घराने दोन पिढ्या मनोराज्ये केली. घराचे छप्पर आणि आत्याचे लग्न, सारे त्या व्हायोलिनवर निघणार होते! चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'मेड इन जर्मनी' असेही छापले होते. पण ते कुणी वाचलेच नाही. क्रेमोना इटलीत आहे, हे भूगोलात शिकूनसुद्धा!

मागे फळीचा सांधा सुटला म्हणून व्हायोलिन दुरुस्तीला नेले. कारागिराने वरची फळी अलगद काढली आणि मला आत पाहायला सांगितले. त्या दिवशी मला कळले की व्हायोलिनची जात चिठ्ठीवरून नव्हे, तर घडणीवरून ओळखायची असते.

स्ट्रादिवारीच्या क्रेमोनात आधी लाकडी साचा घेत. त्यावर सहा ठोकळे बसवून भोवती कडेच्या पातळ पट्ट्या वाकवीत, आणि शेवटी साचा काढून घेत. त्याचे असे साचे आजही क्रेमोनाच्या संग्रहालयात आहेत. जर्मनीतल्या साक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्खनच्या परिसरात साच्याशिवाय काम चाले. पट्ट्या थेट पाठीच्या फळीवरच उभ्या करीत. म्हणून तिथल्या स्वस्त व्हायोलिनांत कोपऱ्यातले ठोकळे पुष्कळदा नसतातच, किंवा नुसते दिखाऊ असतात. आमच्यात ते नव्हते. फळीखालची आधाराची लांब पट्टी वेगळी चिकटवलेली नव्हती, फळीतूनच कोरून ठेवलेली होती. डोक्यावरच्या गुंडाळीची मागची खोबणही गळ्यापर्यंत न जाता मध्येच थांबली होती. साक्ष पुरी झाली.

'मेड इन जर्मनी' या शब्दांनी काळही सांगितला. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव असावे असा आग्रह ब्रिटनने १८८७ च्या आणि अमेरिकेने १८९० च्या कायद्याने धरला. तेव्हा आमचे वाद्य त्यानंतरचे. १७२१ चे खासच नव्हे.

'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा,' असे म्हणून घरच्यांनी ते माळ्यावर टाकायला सांगितले. इथेच माझा मतभेद आहे.

मार्कनॉयकिर्खनच्या आसपास घराघरांतून हे काम चाले. एका घरी नुसत्या माना कोरायच्या, दुसऱ्या घरी फळ्या. व्यापारी ते सुटे भाग गोळा करून जुळवून घेत. एवढ्याशा गावाचा व्यापार असा वाढला की १८९३ साली अमेरिकेने तिथे आपल्या वकिलातीची कचेरी थाटली. जगभरच्या सामान्य घरांत व्हायोलिन पोचले ते या लोकांमुळे. घाऊक व्यापारात ती चिठ्ठी म्हणजे बहुधा 'या घाटाचे वाद्य' एवढीच खूण असे. लबाडी केली ती पुढे तिच्या जोरावर भाव वाढवणाऱ्यांनी, आणि भुललो ते आपण.

थोरामोठ्यांच्या व्हायोलिनांनाही ही परीक्षा चुकलेली नाही. ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले १७१६ चे 'मेसाया' अस्सल की नकली, असा वाद विसाव्या शतकाच्या अखेरीस उठला. तेव्हा फळीतल्या लाकडाची वार्षिक वलये मोजली गेली. शेवटचे वलय १६८० नंतरच्या दशकातले निघाले, म्हणजे काळ जुळला. पण वलये झाडाचे वय सांगतात, कारागिराचे नाव सांगत नाहीत. २०१० साली इंडियानापोलिस येथे २१ वादकांना डोळे झाकून नवी-जुनी व्हायोलिने वाजवायला दिली, तेव्हा बहुतेकांची पसंती नव्यालाच मिळाली. नावाची किंमत केवढी आणि नादाची केवढी, याचा विचार रसिकांनीच करावा.

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी ग्रंथाचे मुखपृष्ठ पाहून मत बनवतो, घराण्याचे नाव ऐकून माना डोलावतो. आत डोकावून ठोकळे आहेत की नाहीत हे पाहण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे. आणि ते नसले तरी, ज्याने ती फळी कोरली त्या अनाम माणसाचे कष्ट खोटे ठरत नाहीत.

चिठ्ठी काढून टाकू का, असे कारागिराने विचारले. मी नको म्हटले. तीही त्या वाद्याच्या इतिहासाचाच भाग आहे. व्हायोलिन आता माळ्यावर नाही. मी त्याच्यावर सा लावायला शिकतो आहे.