रेशनच्या रांगेंतला पुढारी

अलीकडे आमच्या राज्यांत फेलोशिपांचें पीक मोठ्या जोमानें आलें आहे. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. तरुण माणसाला वर्ष-दोन वर्षें विद्यावेतन द्यावयाचें, एखाद्या कामांत त्याला मुरवावयाचें आणि पुढारी म्हणून बाहेर काढावयाचें, ह्याला फेलोशिप म्हणतात. कल्पना वाईट नाहीं. अन्नाच्या न्यायासाठीं भांडणारे पुढारीही असेच तयार करावे, असें आतां म्हटलें जातें, तेंही योग्यच आहे. परंतु अशी योजना आखली जाते कोठें आणि कोणाच्या डोळ्यांपुढें कोण उमेदवार ठेवून, हें आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं आजच पाहिलें पाहिजे. पंगत बसल्यावर पाटाची चौकशी करणारा उपाशी उठतो.

सरकारी नमुना आपल्यासमोर आहेच. 2015 सालीं महाराष्ट्र सरकारनें मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. मध्यें ती बंद पडली आणि 2023 सालीं पुन्हा चालू झाली. त्या वेळच्या अटी अशा: वय 21 ते 26, पदवीला 60 टक्के गुण, कामाचा एक वर्षाचा अनुभव, मराठी, हिंदी व इंग्रजी ह्या तिन्ही भाषा, आणि संगणकाचें ज्ञान. मोहोळच्या बाजारांत उभें राहून ह्या अटी मोठ्यानें वाचाव्या आणि ज्याला लागू पडतील त्यानें हात वर करावा असें सांगावें. किती हात वर होतील? त्या सालीं फेलोला प्रवासखर्च धरून दरमहा 75,000 रुपये ठरले होते. त्याच सुमारास शाळेंत पोरांची खिचडी शिजविणाऱ्या बाईचें मानधन वाढून वाढून महिना 2,500 रुपयांवर आलें होतें. एका फेलोच्या एका महिन्यांत तीस स्वयंपाकिणींचा महिना बसतो!

ती योजना कारभार शिकविण्यासाठीं आहे, अन्नासाठीं नव्हे, हें आम्ही जाणतों. त्यांत निवडलेल्या तरुणांची आम्हांस निंदाही करावयाची नाहीं. त्यांत मेहनती व भल्या मनाचीं मुलें असतील. आमची भीति वेगळीच आहे. अन्नाच्या लढ्यासाठीं फेलोशिप आखणारी मंडळी हाच साचा उचलतील, त्यावर भुकेचें नांव चिकटवितील, आणि ज्याला आयुष्यांत एकदांही रेशनच्या दुकानावरून रिकाम्या पिशवीनें परतावें लागलें नाहीं, असा मनुष्य आमचा पुढारी म्हणून वर्षभर आमच्याकडे धाडतील. वर्ष सरलें कीं तो प्रमाणपत्र घेऊन पुढच्या नोकरीला जाईल आणि आपण पुन्हा रांगेंत.

पोटाचा हा लढा काय आहे तें पाहा. 2013 सालीं राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्याअन्वयें प्राधान्य कुटुंबांतील दर माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क झाला. जानेवारी 2023 पासून तें फुकट मिळूं लागलें. कागदावर सगळें ठीक आहे. पण किती माणसांना द्यावयाचें ही संख्या 2011 च्या शिरगणतीवर बांधली गेली, आणि 2021 ची शिरगणती झालीच नाहीं. महाराष्ट्राच्या वांट्याला सुमारें 7 कोटी माणसें आलीं आणि तेथेंच गाडी थांबली. नवी सून घरांत आली, नातवंड झालें, नांव घालावयाला तहसीलांत गेलें, कीं उत्तर तयार असतें, "इष्टांक शिल्लक नाहीं." हा इष्टांक म्हणजे काय तें त्या म्हातारीला कोणी समजावून सांगत नाहीं. तिला एवढेंच कळतें कीं आपलें पोर सरकारच्या लेखीं जेवत नाहीं.

आणि गरीब कोण हें ठरलें कसें? कायदा लागू करतांना आपल्या राज्यानें खेड्यांतील कुटुंबासाठीं वार्षिक 44,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा घातली. दिवसाला 120 रुपये झाले. घरांत पांच माणसें असतील तर माणशी 24 रुपये. त्यांत मीठमिरची, औषधपाणी, पोरांची वही आणि एस.टी.चें भाडें आलें. त्याच्यावर एक रुपया मिळविला तर तें कुटुंब सुखी! हा हिशेब ज्यानें घातला त्याला मोहोळच्या एखाद्या बाईनें बाजाराची पिशवी हातांत देऊन एक आठवडा प्रपंच करावयास लावला पाहिजे.

पुढें अंगठ्याची गोष्ट. दुकानांतल्या मशीनवर अंगठा उमटला पाहिजे. सोलापुरांत विड्या वळणाऱ्या बाईचें बोट झिजलेलें, खडी फोडणाऱ्याच्या हाताला घट्टे पडलेले, म्हाताऱ्याच्या रेषा पुसट झालेल्या. ज्यानें जन्मभर हातानें काम केलें त्याचाच हात यंत्राला ओळखूं येत नाहीं, आणि ज्यानें कधीं कुदळ धरली नाहीं त्याचा अंगठा पहिल्या फटक्याला उमटतो. असें झाल्यास दुसरी कोणती सोय आहे, धान्य नाकारलें तर तें लेखी मागावें कीं नाहीं, तक्रार कोणाकडे करावी, हें शिकविणारा मनुष्य गांवांत पाहिजे, आणि तो गांवचाच पाहिजे.

येथें शहाणे लोक म्हणतात कीं, अडाणी माणसांना कायदा काय कळणार? त्यांना आम्ही 1877 सालाची आठवण देतों. त्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपलनें दुष्काळी कामावरची मजुरी रोजच्या एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों उपाशी मजुरांनीं तीं कामें सोडलीं. एवढ्यानें जगतां येत नाहीं हा हिशेब त्यांना कोणत्याही विद्यापीठानें शिकविला नव्हता. त्याच वर्षीं जोतीरावांनीं व सत्यशोधक समाजाच्या मंडळींनीं धनकवडीला बालाश्रम काढून दुष्काळांतल्या पोरांना जेवूं घातलें. सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला होत्या. तेथील हालहवाल व समाजाचें काम त्यांनीं पत्रांतून कळविलें. पुढें 1972 च्या दुष्काळांत आपल्याच जिल्ह्यांतल्या बायाबापड्यांनीं खडी फोडली. त्या वेळीं जे रस्त्यावर होते त्यांच्या रेट्याशिवाय 1977 चा रोजगार हमीचा कायदा झाला असता काय? खडीच्या ढिगाचें माप मुकादमानें कमी धरलें तर तें लिहितांवाचतां न येणारी बाईही ओळखीत असे.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. शिक्षण नको असें आम्ही म्हणत नाहीं. शिक्षण पाहिजेच, आणि तें पोटाला भाकरी देऊन पाहिजे. राजर्षि शाहूंनीं 1901 पासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभीं केलीं तीं ह्याच विचारानें. भाऊराव पाटलांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 सालीं साताऱ्यास वसतिगृह काढून सगळ्या जातींचीं पोरें एका पंगतीला बसविलीं. कमवा आणि शिका ही आमची फेलोशिप होय. तींत पोराला आधीं टक्के विचारीत नसत.

मोहोळकरांना तर ही गोष्ट दुसऱ्या वाटेनेंही कळण्यासारखी आहे. साऱ्या दख्खनच्या रब्बीला पुरून उरलेला ज्वारीचा एम 35-1 हा वाण 1930 नंतरच्या दहा वर्षांत येथल्याच संशोधन केंद्रावर निघाला. तो परदेशांतून आणला नाहीं. ह्या काळ्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनीं राखलेल्या मालदांडींतून चांगलीं कणसें निवडून तो केला, आणि तो थोड्या ओलीवर तग धरतो म्हणूनच टिकला. बियाणें निवडतांना जी अक्कल सरकारला सुचली ती माणसें निवडतांना कोठें जाते? (ज्वारीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. 2023 हें भरडधान्याचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून मोठा डांगोरा पिटला, कायद्यांत भरडधान्याची सोयही आहे, पण आमच्या पिशवींत पडतात ते बहुधा गहू आणि तांदूळ. शहरी लोक हुरडा खावयाला पैसे मोजून इकडे येतात ते निराळेच.)

तेव्हां योजना आखावयाची असेल तर अशी आखा. उमेदवार रांगेंतून घ्या. ज्या बाईचें नांव शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून आहे, आणि कायद्यानें तें घरांतल्या सर्वांत वडील बाईचेंच असावयाचें आहे, तिला पहिला मान. वयाची अट काढून टाका. चाळीस वर्षांच्या बाईला जो अनुभव आहे तो बावीस वर्षांच्या पदवीधराला कोठून येणार? वर्ग मोहोळला भरवा, मराठींत भरवा, आणि जून ते ऑगस्टमध्यें भरवा. सप्टेंबर लागला कीं ज्वारीची पेरणी येते, दसरा झाला कीं ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन निघतात. कोयता नवराबायकोचा मिळून असतो. त्यांतलें एक माणूस काढून घेतलें तर कोयता मोडतो आणि उचल डोक्यावर बसते, हें ज्याला ठाऊक नाहीं त्यानें विद्यावेतनाचा आंकडा ठरवूं नये. बुडालेली मजुरी पुरती भरून द्या, उपकार म्हणून प्रवासभाडें नको. परीक्षाही आमच्या पद्धतीची घ्या. उमेदवारानें दुकानांतली पावती व गोदामांतून आलेला कट्टा ह्यांचा मेळ गांवासमोर घालून दाखवावा, आणि नांव गळालेल्या एका कुटुंबाचें नांव परत चढवून आणावें. जमलें तर पास.

आतां आमच्या शेतकरी वाचकांना एक कडू गोष्ट सांगतों. असा पुढारी निवडावयाची वेळ आली म्हणजे आपण बहुधा दुकानदाराच्या भावाकडे नाहीं तर कारखान्याच्या संचालकाच्या पुतण्याकडे पाहतों. ज्याच्या काट्यावर आपलें धान्य मोजलें जातें तोच आपल्या बाजूनें काटा कसा तपासणार? आणि महारामांगाची बाई पुढें झाली तर किती शेतकरी तिच्या मागें उभे राहतील? शाळेंतला स्वयंपाक करण्यासाठीं दलित बायांना प्राधान्य द्या असें सर्वोच्च न्यायालयाला 2004 सालीं सांगावें लागलें. तें सांगण्याची पाळी कोणामुळें आली हें आपल्या घरांतच विचारा. भटजीनें शिवाशीव केली तर ती पाप आणि पाटलानें केली तर ती रीत, असा हिशेब ह्या पत्रांत चालत नाहीं.

योजना येईल तेव्हां येईल. अन्नसुरक्षा कायद्यांत गांवच्या दक्षता समितीची तरतूद आजही आहे, सामाजिक अंकेक्षणाचीही आहे. पुढच्या ग्रामसभेला बायांसह जा आणि दोनच गोष्टी मागा: समितींतील सभासदांचीं नांवें मोठ्यानें वाचून दाखवा, आणि तिची मागची सभा कोणत्या तारखेला झाली तें वहींत दाखवा. वही नसेल तर नाहीं असें लिहून घ्या, त्यावर सरपंचाची सही घ्या, आणि तो कागद घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेंत जा.