घाट सगळ्यांचा, रस्ता कोणाचा?

पहिला पाऊस पडून गेला की मुंबई-पुण्याच्या माणसाला घाटाची ओढ लागते. खालापूरचा टोलनाका मागे पडतो, खोपोलीनंतर चढण सुरू होते आणि मुले काचेला नाक लावून धबधबे मोजू लागतात. हे सुख खोटे नाही. पण ज्या डोंगरातून आपण तासाभरात पार होतो, तिथे राहणाऱ्यांच्या वाट्याला या रस्त्यातले काय येते?

बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये कर्जतहून आगगाडी खंडाळ्याला चढली आणि २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. घाटाची वाट साहेबाला दाखवली ती शिंग्रोबा धनगराने, अशी आख्यायिका आहे. जुन्या रस्त्यावरच्या त्याच्या देवळापुढे वाहनचालक आजही नाणे टाकतात. वाट दाखवणारा इथला, जाणारे मात्र परगावचे!

द्रुतगती मार्गावर पादचारी, दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे. सुरक्षिततेसाठी ते योग्यच. पण मग करवंदांची पाटी घेऊन निघालेल्या ठाकर-कातकरी बाईला हा रस्ता फक्त पाहण्यापुरताच उरतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाडीला गाडीरस्ताच नव्हता. यंत्रे वर जाईनात, म्हणून जवान आणि गावोगावचे तरुण कुदळ-फावडी घेऊन भर पावसात डोंगर चढले. देशातला पहिला सहापदरी द्रुतगती मार्ग ज्या तालुक्यातून जातो, तिथली ही गोष्ट!

रस्ता असता तर दरड थांबली असती, असे कोणी म्हणणार नाही. वेडावाकडा कापलेला डोंगर उलट अधिक ढासळतो. म्हणून मागणी आणखी एका महामार्गाची नाही. वाड्यांवरच्या डोंगरउतारांची तपासणी व्हावी, धोक्याच्या वस्त्या पावसाळ्यापूर्वी हलवाव्यात आणि आजाऱ्याला डोलीत घालून खाली आणावे लागू नये, एवढी साधी वाट प्रत्येक वाडीला मिळावी. टोलच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा यासाठी का राखून ठेवू नये?

आणि आपण? घाई नसेल तेव्हा जुन्या रस्त्याने जावे, पाटीतली करवंदे घासाघीस न करता घ्यावीत. धबधबा पाहताना त्याच्या वर एखादी वाडी असेल, हे मुलांना जरूर सांगावे.