बाळाला दाण्याचे कूट द्या, अख्खा दाणा नको

उष्टावण झाल्यावर वरणभात, नाचणीची खीर, उकडलेला बटाटा बिनघोर भरवला जातो. शेंगदाण्याचे नाव निघाले की मात्र घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, कूट घातलेली भाजी चाखू दे. आईबाबांनी वाचलेले असते की तीन वर्षांपर्यंत नको, ॲलर्जी होईल. या वादात आजीचे म्हणणे आज अधिक बरोबर ठरते. पण त्याच घरात चिवड्याची बशी दीड वर्षाच्या मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवलेली असते आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. खरा धोका तिथे आहे.

सल्ला का बदलला?

ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० मध्ये सांगितले होते. २००८ मध्ये हा सल्ला मागे घेतला गेला. लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. दाणे पूर्ण टाळलेल्या गटात पाचव्या वर्षी १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. लहानपणापासून नियमित दिलेल्या गटात ३.२ टक्के. जुना सल्ला मात्र मोबाइलवर अजून फिरतोच आहे.

सुरुवात कशी करावी?

आपल्याकडे हे सोपे आहे, कारण कूट घरात असतेच. सहा महिन्यांनंतर, वरचे अन्न सुरळीत सुरू झाले की अगदी बारीक कूट पाव चमचा, पातळ वरणात किंवा पेजेत कालवून द्यावे. वर्ष उलटले असले तरी आता सुरू करता येते. खवट किंवा बुरशी आलेले दाणे अर्थातच नकोत. पहिल्यांदा द्यायचे ते दिवसा, मूल बरे असताना, आणि त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको. पुढचे दोन तास लक्ष ठेवावे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर पुन्हा देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठावे. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करावी. सोसले तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहावे. एकदा चाखवून सोडून देण्यात अर्थ नाही.

अख्खा दाणा का नको?

लहान मुलाच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात. तोंडात दाणा घेऊन ते धावते, हसते, रडते आणि श्वासाबरोबर दाणा श्वासनलिकेत ओढला जातो. तो काढण्यासाठी भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. म्हणून चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे, चिवडा नको. घट्ट पीनट बटरचा गोळाही घशात अडकतो. ते पातळ करूनच द्यावे.

घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, पाणी पाजू नये. आवाज फुटत नसेल तर मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरकस थापा माराव्यात आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगावे. खोकला थांबला म्हणजे दाणा बाहेर पडला, असेही नाही. दाणे खाताना ठसका लागलेल्या मुलाला नंतर घरघर किंवा न हटणारा खोकला सुरू झाला, तर तो ठसका डॉक्टरांना आवर्जून सांगावा.