व्हिडिओ गेममधली ट्रिक खऱ्या रेसमध्ये चालली, मग तिच्यावर बंदी का आली? समृद्धीवर गाडी चालवणाऱ्या नागपूरकरांनी हे का वाचावं?

शर्यतीचा शेवटचा लॅप. एक गाडी थेट भिंतीला चिकटते, ठिणग्या उडतात आणि ती एकामागून एक पाच गाड्यांना मागे टाकते. हा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. बघताना गेमच वाटतो, पण ही रेस खरी होती. ट्रिक मात्र गेममधूनच आली होती.

नेमकं काय घडलं होतं?

30 ऑक्टोबर 2022. अमेरिकेतल्या मार्टिन्सविल ट्रॅकवर नॅस्कारची शर्यत सुरू होती. रॉस चॅस्टेन हा ड्रायव्हर दहाव्या क्रमांकावर होता. विजेतेपदाच्या अंतिम फेरीत जायचं, तर त्याला शेवटच्या लॅपमध्ये आणखी दोघांच्या पुढे जाणं भाग होतं.

वळणावर सगळे ड्रायव्हर वेग कमी करतात. चॅस्टेनने उलट केलं. त्याने पाचवा गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि गाडी भिंतीला टेकवली. वळणाचं काम भिंतीनेच केलं. त्याने पाचव्या क्रमांकावर रेषा ओलांडली आणि तो अंतिम फेरीत पोचला.

ही कल्पना कुठून आली? लहानपणी भावासोबत तो गेमक्यूबवर नॅस्कारचा 2005 चा गेम खेळायचा, त्यात ही युक्ती चालायची, असं त्याने शर्यतीनंतर सांगितलं. जानेवारी 2023 मध्ये नॅस्कारने जाहीर केलं, की यापुढे असं कुणी केलं तर सुरक्षेच्या नियमाखाली दंड होईल. थोडक्यात, ट्रिक कायमची बंद झाली.

स्टॉक कार म्हणजे काय?

'स्टॉक' म्हणजे शोरूममध्ये विक्रीला असलेली गाडी. सुरुवातीच्या काळात खरोखर तशाच गाड्या पळायच्या. आज फक्त चेहरा तसा उरला आहे. बाहेरून मस्टँग, कॅमरो किंवा कॅमरी दिसते, आत मात्र रेससाठीच बनवलेला सांगाडा असतो. 2022 पासून बहुतेक सुटे भाग सगळ्या टीमना ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात.

गाड्या जवळपास सारख्या असल्या, की फरक ड्रायव्हरमुळे पडतो. त्यामुळेच अशा गेममध्ये खऱ्या ड्रायव्हरचं नाव, त्याच्या गाडीचा नंबर आणि रंगसंगती यांना एवढं महत्त्व असतं. ऑक्टोबर 2025 मध्ये आयरेसिंग या कंपनीने 'नॅस्कार 25' हा गेम आणला. ही कंपनी मुळात सिम्युलेटर बनवणारी.

भारताचंही यात एक नाव आहे. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन 2010 मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला. त्याची पहिली शर्यत याच मार्टिन्सविलला झाली आणि त्यात तो तेरावा आला.

मग गेम खेळून ड्रायव्हर होता येतं?

काही अंशी, हो. विल्यम बायरन या ड्रायव्हरची सुरुवात घरातल्या कॉम्प्युटरवर, आयरेसिंगवर झाली. पुढे 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षं त्याने डेटोना 500 जिंकली. ब्रेक कुठे दाबायचा, वळण कोणत्या रेषेतून घ्यायचं, तासभर लक्ष कसं टिकवायचं, हे सिम्युलेटर शिकवतो.

नागपूरच्या मुलामुलींसाठी ही बाब महत्त्वाची आहे. देशातले मोठे ट्रॅक ग्रेटर नोएडा, चेन्नईजवळ आणि कोइम्बतूरला आहेत. तिथे जाऊन सराव करणं बहुतेकांना परवडणारं नाही. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली, पण ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. 2026 च्या आशियाई स्पर्धेच्या ई-स्पोर्ट्समध्ये 'ग्रॅन टुरिस्मो 7' हा रेसिंग गेमही ठेवला आहे. म्हणजे घरच्या स्टिअरिंगलाही आता पुढची वाट आहे.

गेम काय शिकवत नाही?

परिणाम. गेममध्ये धडक बसली की रीस्टार्ट मिळतो. चॅस्टेन जिवंत बाहेर आला, त्यामागे बरंच काही होतं: धक्का शोषणारी स्टील आणि फोमची भिंत, अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट, मान सांभाळणारं उपकरण, आगीपासून वाचवणारा सूट आणि ट्रॅकवर तयार उभी असलेली रुग्णवाहिका. एवढं असूनही आयोजकांना ते धोक्याचंच वाटलं.

आता हे समृद्धी महामार्गाशी ताडून बघा. नागपूरच्या शिवमडक्यापासून सुरू होणारा हा 701 किलोमीटरचा रस्ता सरळ आणि मोकळा आहे. कारसाठी वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे. या वेगात गाडी एका सेकंदात 33 मीटर पुढे जाते. समोरचं संकट कळून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, तर 50 मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला साधारण 80 मीटर लागतात. एकूण 130.

हाच वेग 150 केला, तर थांबायला सुमारे 190 मीटर हवेत. वेग पाव पटीने वाढला, अंतर मात्र जवळपास दीडपट झालं. हा हिशेब चांगल्या टायरचा आहे. उन्हाने तापलेला, झिजलेला टायर असेल तर तोही चुकतो.

1 जुलै 2023 च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. 25 जणांचा जीव गेला. त्यांना रीस्टार्ट मिळाला नाही.

कायदा काय सांगतो?

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर कलम 199 अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणीही 12 महिन्यांसाठी रद्द होते.

खरी गोष्ट अशी, की चॅस्टेनची ट्रिक त्याच्यासारख्या व्यावसायिक ड्रायव्हरलाही पुन्हा करता येत नाही. वेगाची हौस असेल तर सिम्युलेटर आहे, ट्रॅक आहे. समृद्धीवर समोरून काय येईल, हे कोणत्याही गेममध्ये आधी खेळून बघता येत नाही.