विश्लेषण : नक्कल हुबेहूब असेल, तर अस्सल चित्राला मोल कशाचे?

बनावट चित्र डोळ्यांना अस्सलाइतकेच सुंदर दिसत असेल, तर बिघडले कुठे? नेदरलँड्समधील चित्रकार हान व्हान मेगरेनच्या प्रकरणाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. त्याचे उत्तर आजही महत्त्वाचे आहे.

प्रकरण काय होते?

मेगरेनने ‘सपर ॲट इमाउस’ हे चित्र १७व्या शतकातील चित्रकार योहानेस व्हर्मीरच्या नावाने रंगवले. त्यासाठी जुना कॅनव्हास वापरला. रंग जुन्यासारखा कडक व्हावा म्हणून त्यात कृत्रिम राळ मिसळली आणि चित्र भट्टीत तापवले. १९३७ मध्ये नामवंत अभ्यासक अब्राहम ब्रेडियस यांनी ते अस्सल ठरवले. रॉटरडॅमच्या संग्रहालयात ते झळकले.

बिंग कसे फुटले?

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेता हर्मन गोअरिंगच्या संग्रहात एक ‘व्हर्मीर’ सापडले. ते विकल्याप्रकरणी मेगरेनला १९४५ मध्ये अटक झाली. शत्रूला देशाचा ठेवा विकल्याचा ठपका टाळण्यासाठी त्याने ही चित्रे आपणच रंगवल्याचे कबूल केले. साक्षीदारांसमोर आणखी एक रंगवून दाखवले. १९४७ मध्ये त्याला एका वर्षाची शिक्षा झाली.

मग सौंदर्य गेले कुठे?

कॅनव्हासवरचे रंग तेच राहिले. पण चित्राचे कौतुक करताना आपण चित्रकाराने काय साधले, याचीही दाद देत असतो. व्हर्मीरची शैली त्याने स्वतः घडवलेली होती. मेगरेनने ती आयती उचलली. त्याहून मोठे नुकसान ज्ञानाचे झाले. ‘इमाउस’ अस्सल ठरल्यावर त्याच्यासारखी दिसणारी पुढची बनावट चित्रेही खपून गेली. खोटे मापच प्रमाण बनले.

प्रत काढणे चूक आहे का?

मुळीच नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवलीला गेला. तैलचित्र परवडणे शक्य नव्हते, अशा घरांच्या भिंतींवर त्यातून लक्ष्मी-सरस्वती पोहोचल्या. ही चित्रे छापील म्हणूनच विकली गेली. त्यात कोणाची फसवणूक नव्हती.

म्हणजेच प्रत आणि बनावट यांतला फरक हुबेहूबपणाचा नसून प्रामाणिकपणाचा आहे. प्रतीला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र संग्रहालये आणि खरेदीदारांनी सहीवर भुलण्याआधी चित्र कोणाकोणाच्या हातून आले, हे तपासायलाच हवे.