खिडकी, पडवी आणि आशाताई

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



पेणला जून लागला की दोन घाया एकदम सुरू होतात: कारखान्यांत गणपतींची आणि दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची. पावसाची झड आत येते म्हणून दवाखाना सरकारी असो की खासगी, खिडक्या बंद होतात. फ्लू भरात येतो तेव्हाच केसपेपरच्या खोलीतली हवा कोंडते. हवा खेळली नाही तर मूर्ती वाळत नाही, हे मूर्तिकारांच्या हमरापुरातले पोरही सांगेल.

आपण मात्र २०२० मध्ये टेबले पुसण्यातच दम घालवला. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना हवेतून पसरत नाही, असे ठासून सांगितले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबईतल्या एकाच खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले. बोलता-खोकताना निघणारे बारीक कण बंद खोलीत तरंगत राहतात, हे संघटनेच्या तोंडून स्पष्ट यायला २०२१ उजाडले.

आणि धोका काही फक्त रुग्णाच्या खाटेपाशी नसतो. मास्क लावून चार तास काम केलेल्या सिस्टर चहाच्या चिंचोळ्या खोलीत तो काढून एकत्र बसतात, तिथेही लागण होते. अशा खोलीत एक उदबत्ती लावून बघा. धूर किती वेळ रेंगाळतो ते डोळ्यांनी दिसेल. समिती नेमायची गरज नाही.

पेरूच्या लिमा शहरात क्षयरोगाचा धोका तपासण्यासाठी रुग्णालयांतली हवा मोजली, तेव्हा दारे-खिडक्या उघडल्यावर ती तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेचणाऱ्या खोल्यांचा हिशेब १२ चा. उंच छताच्या जुन्या इमारती तर नव्यांपेक्षा सरस निघाल्या. आमच्या कोकणातल्या घरांना पडवी असते ती उगाच नाही: पाऊस बाहेर, वारा आत. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांना खोल छपराची पडवी काढून द्या आणि पावसाळ्यात तापाची ओपीडी तिथे भरवा. एसीपेक्षा स्वस्त पडेल.

कर्मचाऱ्यांना मास्कही चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ हवा. निळ्या पातळ मास्कच्या कडेने हवा सरळ आत शिरते. फ्लूची लस जूनच्या आधी मिळावी, दिवाळीला नव्हे.

आता रजेचे. वाड्या-वस्त्यांवर फिरणाऱ्या आशाताईचा बराचसा मोबदला कामागणिक असतो. अंगात ताप असताना ती घरी बसली तर त्या दिवसाचे पैसे बुडतात, म्हणून ती गोळी घेऊन निघते आणि बाळंतिणीच्या घरात जाऊन बसते. तिला दोष कसा द्यायचा? कंत्राटी परिचारिकेची गतही फार वेगळी नाही. आजारपणात पाच दिवस पैसे न कापता घरी राहण्याची मुभा देणारा एक शासन निर्णय काढा. पडवी बांधायला वर्ष लागेल, हा कागद आठवड्यात निघू शकतो.

आपला,
पेणचा एक रहिवासी