रविवारची सायकल, सोमवारची सायकल

पुणे हे सायकलींचे शहर होते, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यातल्या 'होते'ची लाज मात्र कुणालाच वाटत नाही.

मीही रविवारी सायकल काढतो. बंडगार्डनहून संगम पुलाकडे, पुढे नदीपात्रातल्या रस्त्याने डेक्कन. पहाटे मोटारी नसतात, म्हणून मजा येते. पण सायकल ही मजेची वस्तू कधीपासून झाली? खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार हौसेने पायडल मारत नव्हते. ते पोटासाठी जात होते.

महापालिकेने 2017 साली सायकल आराखडा मंजूर केला. भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्याही. जे सायकल मार्ग झाले, त्यांवर गाड्या उभ्या राहतात. आता मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाचे सुशोभीकरण चालू आहे. त्यातही सायकल मार्ग आहेत. माझा प्रश्न साधा आहे: कोंढव्यातून मार्केट यार्डात हमालीला जाणाऱ्याला नदीकाठचा हा मार्ग कुठे नेणार?

ज्याला पेट्रोल परवडत नाही, त्याला आधी सोमवारी सुखरूप कामावर पोहोचू द्या. मग आम्हा हौशी लोकांचा रविवार आपोआप सुखाचा होईल.